तांदळाच्या डब्यातले तीन फोन

माझा राग आता उतरला असेल असं ज्याला वाटतं, त्याने माझ्यासमोर येऊन तसं बोलून दाखवावं. दीड महिना झाला. लोक येतात, चहा पितात, "जाऊ दे कमल, नशिबात नव्हतं" म्हणतात. नशीब कसलं डोंबलाचं! आमच्यात नशीब मानत नाहीत, आणि मानत असते तरी इथे त्याचा काही संबंध नव्हता. संबंध होता स्टीलचा.

माझे मिस्टर अंबादास, मरोळच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर होते. पाच वर्षांपूर्वी बीपीने दोन्ही किडन्या खाल्ल्या. तेव्हापासून आठवड्याला तीन डायलिसिस. दिवसभरात पाणी एक लिटर, त्यातच चहा, वरण, गोळ्या गिळायचं पाणी सगळं धरायचं. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि मी ग्लासभर पाणी प्यायला बाथरूममध्ये जाते, त्यांच्यासमोर पिववत नाही. माझी किडनी द्यायला मी एका पायावर तयार होते, पण मला शुगर. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि फाइल मिटली. आमची संघमित्रा देते म्हणाली, तर हे म्हणाले, "तिचं आयुष्य अजून सुरू व्हायचंय, तिच्या अंगाला सुरी लागू देणार नाही."

मग राहिली यादी. कुणाचा तरी मेंदू मरतो, घरचे लोक मन मोठं करून अवयव देतात, आणि यादीत ज्याचा नंबर बसतो त्याला हॉस्पिटलमधून फोन येतो. ह्यांचा रक्तगट ओ, त्याला वाट जास्त. चार वर्षं आणि दोन महिने आम्ही त्या एका फोनची वाट बघत होतो. कोऑर्डिनेटर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फोन कधीही येईल. उचलायचा म्हणजे उचलायचा. अर्धा तास आम्ही प्रयत्न करू, मग पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल. तीन नंबर द्या, एक नाही लागला तर दुसरा." आम्ही तीन दिले. त्यांचा, माझा आणि संघमित्राचा.

चार वर्षं मी आंघोळीला जाताना फोन दुधाच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलाय. अनोळखी नंबर आला की काळजात धस्स व्हायचं, आणि पलीकडून कुणीतरी कर्जतचा प्लॉट विकायला निघालेला. त्या प्लॉटवाल्यांना मी जे बोललेय ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता जागा सांगते, कारण सगळं त्या जागेत झालं. आम्ही घाटकोपरला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. जुन्या वस्तीत आमचा विहार होता तो विटांचा, चारी बाजूंनी खिडक्या. "नवा विहार बांधून देतो" म्हणून बिल्डरने सह्या घेतल्या, आणि दिला कुठे? तळमजल्यावर, मागच्या अंगाला, पंपरूमला चिकटून! तीन बाजूंना सळया भरलेलं काँक्रीट, चौथ्या बाजूला लोखंडी शटर, एकच खिडकी आणि तीही पार्किंगमध्ये उघडणारी. डोक्यावर बावीस मजले. पुढे रस्त्याला त्याचा विकायचा टॉवर, आरशासारख्या काचांचा. विहारात शटरपाशी मोबाइलला रेंजच्या दोन काड्या, आत मूर्तीपाशी एक. रिक्षा बोलवायची म्हटली तर ॲपमध्ये आम्ही कायम मागच्या नाल्यात उभे दिसतो. आम्हाला वाटायचं, मोबाइल कंपनीच भिकार.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, दर रविवारी सकाळी दहाला विहारात ग्रंथपठण असतं. पाळीपाळीने एकेकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शेवटी खीर. सगळं बघतात श्यामकांत सर. महापालिकेच्या शाळेत मास्तर होते, आता विहार कमिटीचे सेक्रेटरी. माणूस काटेकोर. मागच्या वर्षी ऐन पंचशील चालू असताना दशरथच्या फोनवर बँडबाजाचं गाणं वाजलं, अख्खा विहार खुदूखुदू हसला, आणि सरांनी नियम केला की फोन दाराशी ठेवायचे, बंद करून. खोकं आणलं ह्यांच्या कंपनीतलं, जाड पुठ्ठ्याचं. आमचे फोन मात्र त्यात चालू असायचे, फुल आवाजात. ते चालायचं मस्त. एका रविवारी प्लॉटवाल्याचा फोन आला तर दोनदा खणखणून वाजला, मी धावत बाहेर. एक-दोन बायका कुजबुजल्या, "किडनीच्या नावाखाली कमलला सगळं माफ." ते मी ऐकलं, आणि ते माझ्या डोक्यात राहिलं.

ह्या वर्षी पंपरूमची भिंत पाझरायला लागली. बिल्डरला तीन अर्ज दिले, त्याचा माणूस आला, भिंतीला हात लावून "ओली आहे" असं सांगून गेला. ओली आहे! आम्हाला काय दिसत नव्हतं? खोक्याचा तळ भिजून लगदा झाला आणि चंद्रप्रकाशचा नवा फोन पाण्यात गेला. मग प्रश्न आला, फोन ठेवायचे कशात?

मी म्हटलं, माझ्याकडे डबा आहे. आईने लग्नात दिलेला, पंचवीस किलो तांदळाचा, जाड स्टील, झाकण असं घट्ट की मुंगी शिरत नाही. वर नाव कोरलेलं, "कमल अंबादास." पाण्याचा थेंब आत जायची सोय नाही.

आणि मी काही आंधळेपणाने दिला नाही हो! मी टेस्ट केली. घरी, सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघरात डबा ठेवला, माझा फोन आत टाकला, झाकण दाबून बसवलं. संघमित्राला म्हटलं, लाव. लागला! डब्यात असा घुमला की शेजारची विचारायला आली, काय वाजतंय. संघमित्राने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, ऑफिसांमध्ये वायफाय बसवायच्या कंपनीत आहे. तीही म्हणाली, "झकास, आई. पुठ्ठ्यापेक्षा मोठ्याने वाजतोय."

डबा विहारात नेला त्या रविवारी सर माझ्याशी काहीतरी बोलले. ते मी मग सांगते. आत्ता मला त्यांच्यावर रागवू दे.

मग पुढे तो रविवार आला. वाचायची पाळी ह्यांची होती, म्हणून संघमित्रानेही सुट्टी घेतली होती. एरवी रविवारी ती कामावर असते आणि तिचा फोन तिच्या खिशात असतो. त्या दिवशी आमचे तिघांचे तीन फोन चालू, फुल आवाजात, डब्यात, बाकी सगळ्यांचे बंद. झाकण मी स्वतः बसवलं. दोन्ही हातांनी दाबून.

हे उभे राहून वाचत होते. शनिवारी डायलिसिस झालेलं, अंगात ताकद नाही, पण बसले नाहीत. वीस मिनिटं वाचलं, एकदाही अडखळले नाहीत. पांढरा शर्ट, डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातावरच्या फिस्टुलावर बाही ओढलेली. मागे बसलेली म्हातारी मला कोपराने ढोसून म्हणाली, "आवाज अजून तसाच आहे गं." मी किती खूश होते त्या वीस मिनिटांत! त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

साडेअकराला खीर वाटून झाली, डबा उघडला, ज्याचे त्याचे फोन दिले. मी शटरपाशी आले आणि माझा फोन थरथरायला लागला. टिंग, टिंग, टिंग. मिस्ड कॉलचे मेसेज. दहा अठरा. दहा एकवीस. दहा सव्वीस. ह्यांच्या फोनवर पाच, संघमित्राच्या चार. सगळे एकाच नंबरवरून. तो नंबर मला पाठ आहे.

मी तिथूनच लावला. मॅडमनी उचलला.

"ताई, कुठे होता तुम्ही? यादीत पहिला नंबर तुमचा होता."

"आम्ही इथेच आहोत, मॅडम! आत्ता निघतो, रिक्षात बसतो, वीस मिनिटांत—"

"पन्नास मिनिटं तिन्ही नंबर फिरवले. तिन्ही कव्हरेजच्या बाहेर. शेवटी पुढच्या पेशंटला बोलावलं. ते पोचलेत, त्यांना आत घेतलंय."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. लोक म्हणतात पार्किंगमधला वॉचमन पळत आला. एवढं आठवतं की ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मॅडमना हळू आवाजात विचारलं, "वाया नाही ना गेली? लागली ना कुणाला?" आणि पलीकडून हो आल्यावर म्हणाले, "मग बरं झालं."

बरं झालं! चार वर्षं बर्फ चोखणारा माणूस म्हणतो बरं झालं! मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले, "तुमची करुणा घाला चुलीत. मला नवरा पाहिजे, मला पुतळा नको."  त्यांनी खिरीचा द्रोण तसाच खाली ठेवला आणि लिफ्टकडे गेले. खिरीत दूध असतं, त्यांना ती तशीही चालत नाही. नुसती हातात धरून उभे होते.

पुढचे आठ दिवस मी कुणालाही सोडलं नाही. मोबाइल कंपनीच्या पोरीला फोनवर रडवलं, बिल्डरच्या ऑफिसात जाऊन टेबलावरची पाण्याची बाटली आडवी केली. सरांना जिन्यात गाठून म्हटलं, "तुमच्या शिस्तीने माझ्या नवऱ्याची वाट लावली!" सर मान खाली घालून उभे राहिले. त्यामुळे मी आणखी भडकले. भांडणाऱ्याशी भांडता येतं, खाली बघणाऱ्याचं काय करायचं?

संघमित्रा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी डबा पुढ्यात घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, चूक टेस्टची होती."

"वाजला होता ना तेव्हा?"

"सातव्या मजल्यावर वाजला. आपल्या खिडकीसमोर, पलीकडच्या गच्चीवरच मोबाइलचा टॉवर आहे. इथे सिग्नल भरपूर. नळाला पाण्याचा फोर्स असला की तोटी कितीही आवळ, कुठून तरी धार येतेच ना? झाकणाच्या फटीतून तेवढा सिग्नल आत गेला. खाली विहारात आधीच करंगळीएवढी धार. पुढच्या बिल्डरच्या टॉवरच्या काचांना धातूचा मुलामा, त्या निम्मा परत फेकतात. मग आपल्या भिंती, आत सळयांची जाळी. मग शटर. वाटेत प्रत्येकाने आपापला घास काढून घेतला. दोन काड्या उरल्या होत्या, त्या डब्याने गिळल्या."

"आणि पुठ्ठा?"

"पुठ्ठ्याला, लाकडाला, कपड्याला काही फरक पडत नाही. ओल्या पुठ्ठ्याने थोडा पडेल. पण स्टील म्हणजे बंदच. आवाज स्टीलमधून बाहेर येतो, आई. सिग्नल आत जात नाही. मी आवाजाचाच विचार केला."

"मग तुझा डिप्लोमा काय चाटायचा?" मी म्हटलं. बोलून गेले. ती डब्यावरच्या माझ्या नावावरून बोट फिरवत राहिली.

पुढच्या रविवारी मी डबा उचलला आणि विहारात गेले. हे म्हणत होते, राहू दे. मी ऐकलं नाही. सगळे जमले होते. मी डबा मधोमध ठेवला आणि म्हटलं, "सर, तुमचा फोन द्या. चालू करा, आवाज मोठा करा."

सरांनी दिला. मी आत टाकला, झाकण दाबलं. "संघमित्रा, लाव. स्पीकरवर टाक."

अख्ख्या विहाराने ऐकलं. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावायला लावला. पुन्हा तेच. मग कोपऱ्यात पडलेलं ते जुनं खोकं ओढलं, तळाला सुकून वेडंवाकडं झालेलं. फोन त्यात टाकला. लगेच ट्रिंग ट्रिंग.

"बघा!" मी म्हटलं. "बघा तुमचा नियम! एक गाणं वाजलं म्हणून फोन डब्यात कोंडायचे! माझ्या घरात माणूस मरतोय आणि तुम्हाला शांतता पाहिजे!"

 सर माझ्याकडे बघत होते, आणि त्या दिवशीही ते काही बोलले नसते. बोलले ते आमचे हे. भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "कमल, सरांनी काय सांगितलं होतं ते पण सांग."

आता सांगते. मघाशी मग सांगते म्हटलं होतं ते हे. डबा आणला त्या दिवशी सर मला म्हणाले होते, "कमलताई, तुमच्या घरचे तीन फोन डब्यात नको. मी ते घेऊन शटरच्या बाहेर बसतो. मी एवढी वर्षं ऐकतोय, थोडे रविवार नाही ऐकलं तर माझं काही बिघडत नाही." आणि मी त्या कुजबुजणाऱ्या बायकांकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "नको सर. नियम सगळ्यांना सारखा. कमलला काही माफ नको. मी टेस्ट केलीय."

तोऱ्यात म्हटलं होतं. मान वर करून.

त्या रविवारी विहारात होते त्यांनी ते ऐकलं होतं, पण नंतर मी ते कुणाकडेच काढलं नव्हतं. संघमित्राला माहीत नव्हतं, ती त्या रविवारी कामावर होती. सरांना माहीत होतं, त्यांनी आठ दिवस माझ्या शिव्या खाल्ल्या आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मी तिथेच डब्यावर बसले.  रडले नाही. स्वतःचा राग आला की रडूसुद्धा येत नाही, नुसती कानशिलं तापतात. मनात आलं, बिल्डरने भिंत दिली, काचा दिल्या, पंपरूमचं पाणी दिलं, सगळं खरं. त्याला मी सोडणार नाहीच. पण शेवटचं झाकण मी लावलं.

सर पुढे आले. खोक्यातून स्वतःचा फोन काढला, शटरपाशीची प्लास्टिकची खुर्ची उचलली, बाहेर पार्किंगच्या कडेला, जिथे वर उघडं आकाश आहे तिथे नेऊन ठेवली. परत येऊन माझ्यापुढे हात केला. "द्या तुमचे फोन," म्हणाले. मी दिले. तिन्ही. त्या दिवशीचं पठण त्यांनी बाहेर बसून काढलं, तीन फोन मांडीवर ओळीने ठेवून, छत्री खांद्याला अडकवून.

तेव्हापासून दर रविवारी ते तिथेच बसतात. आतून वाचणाऱ्याचा आवाज त्यांना जात नाही, पंप चालू असतो. मी ऐकायला बसते, पण माझं लक्ष ग्रंथात नसतं, शटरच्या फटीतून दिसणाऱ्या त्या छत्रीकडे असतं. मला त्यांचा राग अजून येतो. का येतो, विचारू नका. त्यांनी तेव्हा मला दटावून फोन हिसकावून घ्यायला हवे होते असं वाटतं. मास्तर होते ना? मग मास्तरकी तिथे का नाही केली?

गेल्या सोमवारी आम्ही हॉस्पिटलला गेलो. ह्यांचं नाव यादीत आहे अजून, पण गेल्या महिन्यात दोनदा छातीत पाणी भरलं. डॉक्टर आता "थांबूया, बघूया" असं म्हणत नाहीत, "लवकर मिळायला हवी" म्हणतात. कोऑर्डिनेटर मॅडमनी फॉर्म पुढे केला. "एक चौथा नंबर द्या. घराबाहेरच्या कुणाचा तरी. तुम्ही तिघं एकाच ठिकाणी असलात तर पुन्हा तसं नको व्हायला."

मी श्यामकांत सरांचा नंबर सांगितला. पाठ झालाय, रोज संध्याकाळी मीच लावून बघते, लागतो का. पहिल्या रिंगलाच उचलतात.

मॅडमनी लिहून घेतला. "नातं काय लिहू, ताई? भाऊ? शेजारी?"

हे माझ्याकडे बघायला लागले. संघमित्रा पण.

"मॅडम, काय वाटेल ते लिहा," मी म्हटलं. "मी त्यांना नाही नाही ते बोललेय. पण हा माणूस फोन उचलेल."